एम्ब्रॉयडरीच्या दोऱ्यांचा सेट ऑनलाइन घेताय? आधी माझं काय झालं ते वाचा

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते कारण आठवलं की अजून जीव तळतळतो. पण परवा मामेबहिणीने फोटो पाठवला, "ताई हा सेट घेऊ का गं, किती रंग आहेत बघ", आणि तो तोच सेट होता, तेच फोटो, तीच रंगांची मांडणी, फक्त विकणाऱ्याचं नाव बदललेलं. म्हटलं आता गप्प बसून चालणार नाही.

माझ्याकडे घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन आहे, एका सुईचं, बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) वरून टाकायची असते तसलं. मशीनबरोबर आलेले दोरे संपत आले म्हणून मी सेट शोधत होते. हा सापडला, 40 रंगांचे कोन (दोऱ्याची मोठी रिळं), प्रत्येकावर लिहिलेलं पॉलिस्टर, 40 वेट (हे दोऱ्याच्या जाडीचं माप), 1000 मीटर, आणि सोबत दोरा भरलेल्या 50 बॉबिन्स, "तुमच्या मशीनला फिट बसणार" म्हणून मॉडेलची यादी पण दिलेली. सुटे घेतले असते तर जितके पैसे लागले असते त्याच्या निम्म्याहून कमी. लेबलवरचं नाव एका नावाजलेल्या दोऱ्याच्या नावासारखंच, एकच अक्षर बदललेलं, ते माझ्या लक्षात पार्सल हातात आल्यावरसुद्धा आलं नाही. रिव्ह्यू ढिगाने होते आणि मी फक्त स्टार बघितले. नंतर बसून वाचले तेव्हा दिसलं की निम्मे रिव्ह्यू कात्रीबद्दल आहेत, "धार मस्त आहे", "हातात नीट बसते" असले. म्हणजे दुसऱ्याच वस्तूचं जुनं पान घेऊन त्यावर दोऱ्याचे फोटो चढवलेले. हे असं करतात हे मला माहीतच नव्हतं, तुम्ही रिव्ह्यू वाचताना लोक नक्की कशाबद्दल बोलतायत ते आधी बघा.

नेमकी त्याच वेळी मला एक ऑर्डर आली होती, 24 पांढरे टॉवेल, प्रत्येकावर नाव, लाल अक्षरात. टॉवेल गरम पाण्यात धुतले जाणार, कधीतरी ब्लीचही पडणार, म्हणून मुद्दाम पॉलिस्टरच हवं होतं. रेयॉनला, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या दोऱ्याला, चमक सुंदर असते, हातालाही मऊ लागतं, मला स्वतःला फुलं-पानांच्या डिझाइनला रेयॉनच आवडतं, पण तो ओला झाला की कमजोर होतो आणि क्लोरीन ब्लीच त्याला अजिबात सोसत नाही. टॉवेलसाठी तो घेऊ नये हे मला माहीत होतं. म्हणून तर लेबल वाचून घेतला होता.

पहिल्याच टॉवेलला दोरा सात वेळा तुटला. मला वाटलं सुई बोथट झाली असेल, नवी 75/11 मापाची घातली. परत तुटला. दोरा काढून पहिल्यापासून ओवला, प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर करून ओवला की नाही तेही तपासलं, वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, कमी केलं, स्पीड कमी केला, हूपमध्ये (कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत) टॉवेल नव्याने ताणून बसवला, वर पाण्यात विरघळणारी फिल्म टाकली, सगळं केलं. रात्री साडेबारा वाजता मी मशीनसमोर बसून रडायच्या बेतात होते आणि डोक्यात एकच, की आपल्यालाच येत नाही. एकदाही दोऱ्यावर शंका आली नाही. तेव्हा साधी गोष्ट करायची होती, हातभर दोरा काढून उजेडासमोर धरायचा होता. तो मी आठवड्यानंतर धरला तेव्हा दिसलं, चांगला दोरा कसा काचेच्या तारेसारखा एकसारखा दिसतो, आणि ह्याला बारीक बारीक लव होती, मध्येच जाड, मध्येच इतका बारीक की आता तुटतोय की काय, आणि दोन ठिकाणी तर चक्क गाठ मारून जोडलेला. ती गाठ सुईच्या नेढ्यातून जाणार कशी?

तरी रेटत रेटत मी अकरा टॉवेल केले. अक्षरांच्या कडेने वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसायला लागले होते, म्हणजे खालचा दोरा वर येत होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, भरलेल्या अक्षराची उलटी बाजू बघायची, मधोमध साधारण एक तृतीयांश पांढरा पट्टा आणि दोन्ही बाजूंना वरच्या दोऱ्याचा रंग दिसला की टेन्शन बरोबर. माझ्याकडे एका अक्षराला मागे पांढरा पट्टा रुंद, पुढच्या अक्षराला पांढरं नावालाही नाही. असं एकाच नावात होत असेल तर टेन्शनचा आकडा फिरवून काही होत नाही, कारण खालून दोरा सारखा येतच नाहीये. हे मला आता कळतंय. तेव्हा मी आकडा फिरवतच बसले. बाराव्या टॉवेलला खाली दोऱ्याचं मोठं जाळं झालं, खट्ट असा आवाज आला, सुई मोडली आणि मशीन बंद.

मेकॅनिक काकांनी सुईखालची प्लेट उघडली तर आत राखाडी कापूस भरावा तसा लिंटचा, म्हणजे दोऱ्याच्या लवेचा, थर. बॉबिन केस (बॉबिन बसते तो भाग) बाहेर काढून त्यांनी माझं बोट त्याच्या कडेवर फिरवलं, नख अडकेल एवढा ओरखडा होता, सुई तिथे आदळली होती. मग म्हणाले, "ताई, बॉबिन कुठली घातली होती? दाखवा बरं." मी डबा दिला. त्यांनी मशीनसोबत आलेली एक बॉबिन टेबलावर उभी ठेवली, शेजारी डब्यातली एक ठेवली, आणि दोन्हींवर स्टीलची पट्टी आडवी टाकली. पट्टी सरळ बसलीच नाही, एका बाजूला कलली. वरून बघितलं तर दोन्ही गोल अगदी सारखे, काही फरक नाही, पण उंचीत माझी बॉबिन बुटकी.

ते नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. घरगुती मशीनमध्ये खूप चालणारी बॉबिन म्हणजे क्लास 15, तिची उंची साधारण 11.5 मिमी. दुसरी एल टाइप, ती 9 मिमीच्या जवळपास. दोन्हींचा व्यास 20 मिमीच्या आसपास, त्यामुळे फोटोत तर सोडाच, हातात घेऊनही पटकन कळत नाही. क्लास 15 च्या जागी एल टाइप घातली की ती बसते, मशीन चालूही होतं, पण आत तिला वरखाली उडायला जागा राहते, दोरा कधी ढिला कधी ताठ येतो आणि मग जे माझं झालं ते होतं. काही मशीन्सना एल टाइपच लागते, तिथे उलटं, त्यामुळे "सगळ्या मशीनला चालते" असं जो लिहितो त्याला बॉबिनमधलं काही कळत नाही किंवा तो खोटं बोलतोय. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत कुठली सांगितली आहे, प्लास्टिकची की धातूची, तेवढंच खरं. प्लास्टिक सांगितली असेल तिथे धातूची घालू नका.

आता फसवणूक कशी होती ते सांगते. डब्यातल्या वरच्या थरातल्या 10 बॉबिन्स अगदी बरोबर मापाच्या होत्या! मी पार्सल आल्यावर वरची एक घालून बघितली होती, फिट बसली, म्हणून निर्धास्त. खालच्या 40 बुटक्या. ही चूक नाही हो, कोणीतरी हाताने रचून ठेवलंय. शिवाय त्यात भरलेला दोराही तसाच केसाळ, आखूड धाग्यांचा, ते आतलं लिंट बरंचसं त्याचंच होतं. बॉबिनचा दोरा साधारण 60 किंवा 90 वेटचा असतो, 90 बारीक, आणि मशीन ह्यातल्या एकाला धरून सेट केलेलं असतं. आता मी रिकाम्या बॉबिन्स घेऊन स्वतः भरते, थोडा वेळ जातो पण आत काय आहे ते तरी माहीत असतं.

घरी येऊन मी डोकं शांत करून कोनांकडे वळले. 40 वेट म्हणजे काय, तर 40 किलोमीटर दोऱ्याचं वजन 1 किलो. म्हणून आकडा मोठा तितका दोरा बारीक, 60 वेट 40 पेक्षा बारीक असतो. मग 1000 मीटर दोऱ्याचं वजन किती व्हायला हवं? 25 ग्रॅम. काही कोनांवर 120 डेनियर दोन पदरी, म्हणजे एकूण 240 डेनियर, असं लिहिलेलं असतं, डेनियर म्हणजे 9000 मीटरचं ग्रॅममधलं वजन, त्या हिशोबाने 1000 मीटरला 27 ग्रॅमच्या आत येतं. मोठा 5000 मीटरचा कोन असेल तर 125 ते 135. एवढा सोपा हिशोब आणि मी इतकी वर्षं स्वयंपाकघरातला वजनकाटा समोर असून कधी केला नव्हता.

काटा 1 ग्रॅमचा, म्हणून एकेक न करता 10 न वापरलेले कोन एकदम ठेवले. 230 ग्रॅम. रिकामा कोन 9 ग्रॅमचा, त्याचं प्लास्टिकच इतकं जाड की बाहेरून कोन भरलेला वाटतो. 90 वजा केले, उरले 140. यायला हवे होते कमीत कमी 250. मी तीनदा मोजलं. दोरा खरंच 40 वेटचा असेल तर एका कोनावर 560 मीटर, आणि कोणी म्हणालं की नाही, 1000 मीटर आहे, तर मग दोरा 40 वेटचा नाही, त्याहून खूप बारीक आहे. दोन्हीकडून लेबल खोटंच ठरतं.

मग जाळून बघितलं. हे करताना स्टीलच्या चिमट्यात धरा, खाली पाण्याचं भांडं ठेवा, कापड-बिपड लांब. खरा पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसून मागे पळतो, वितळतो आणि थंड झाल्यावर टोकाला कडक काळा मणी राहतो. निळा, हिरवा, पिवळा तसे जळले. लाल, मरून आणि काळा मात्र भुरकन पेटले, कागद जळाल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरली तर मऊ राखाडी राख. म्हणजे रेयॉन. पॉलिस्टरचं लेबल लावलेला रेयॉन, कुठून कुठून उरलेला माल गोळा करून एकाच छापाच्या लेबलखाली घातलेला.

तोवर लालने जे व्हायचं ते केलं होतं. अकरा टॉवेल मी देऊन टाकले होते आणि ऑर्डर देणाऱ्या बाईंनी ते पहिल्यांदा धुतले. त्यांनी फोटो न पाठवता टॉवेलच आणून माझ्या हातात दिला. नावाभोवती पांढऱ्यावर गुलाबी डाग पसरलेला, अक्षरांच्या कडेला गडद आणि बाहेर फिकट होत गेलेला, ओल्या कागदावर शाई सांडावी तसा. त्या रागावल्या नाहीत, "तू तरी काय करणार" म्हणाल्या, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी सगळे टॉवेल नवीन आणून चांगल्या दोऱ्याने परत करून दिले. इथे रेयॉनला दोष नाही, चांगल्या कंपनीचा रेयॉन साध्या धुण्यात असा रंग सोडत नाही, ह्या दोऱ्याचा रंगच पक्का नव्हता. आता मी कुठलाही नवा गडद रंग, विशेषतः लाल, आधी पांढऱ्या चिंधीवर भरते, गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते, ओल्या पांढऱ्या कापडात दाबून रात्रभर ठेवते, मगच कामाला घेते.

विकणाऱ्याला लिहिलं तर पहिलं उत्तर, "मॅडम मशीनचं टेन्शन चेक करा". दुसरं, "सील तोडलंय, परत घेता येणार नाही". तिसरं ऐका, "5 स्टार द्या, आम्ही निम्मे पैसे परत करतो". म्हणजे ते स्टार कुठून येतात ते कळलं. मी दिले नाहीत. वजनकाट्यावरच्या 10 कोनांचा फोटो, पट्टी कललेल्या दोन बॉबिन्सचा फोटो, लेबलचा जवळून फोटो, असं सगळं लावून मी विक्रेत्याला सोडून थेट साइटकडे तक्रार केली, "दोरा खराब आहे" असं न लिहिता "लिहिलेलं 1000 मीटर, वजनावरून 560" असं आकड्यात लिहिलं. तीन आठवड्यांनी सेटचे पैसे परत आले. टॉवेलचे, बॉबिन केसचे आणि रिपेअरचे गेले ते गेलेच. माझं नशीब की परत करायची मुदत संपायला दोन दिवस होते, म्हणून सांगते, पार्सल आलं की त्याच दिवशी उघडतानाचा व्हिडिओ करा, कोनांची प्लास्टिक न काढता 10 कोन काट्यावर ठेवा, प्लास्टिकसकटही वजन कमी भरलं तर पुढे काही बघायची गरजच नाही, आणि बॉबिन्स सगळ्या बाहेर काढून एका रांगेत उभ्या करून पट्टी ठेवा. वरची एक बघून थांबू नका.

मामेबहिणीला मी तो सेट घेऊ दिला नाही. तिला म्हटलं 40 रंग तुला लागणारच नाहीत, पांढरा, काळा, लाल, दोन हिरवे, एक सोनेरी पिवळा, एवढे सहा चांगले घे आणि लागेल तसा एकेक वाढव. निळे-पिवळे कोन माझ्याकडे पडून आहेत, हाताने टाचे घालायला वापरते. त्या 40 बुटक्या बॉबिन्स कोणीतरी मागितल्याही होत्या, "माझ्या मशीनला बघते चालतात का" म्हणून, पण दोरा केसाळ तो केसाळच, मी दिल्या नाहीत. एकेक कात्रीने दोरा कापून, पक्कडीने चिरडून टाकून दिली, कोणाच्या मशीनमध्ये जायला नको.