डोंबिवली की बोरिवली? भाड्याचं घर ठरवण्याआधी

माझ्या पुतण्याचं डिसेंबरात लग्न आहे. त्याचं ऑफिस ऐरोलीला, होणाऱ्या सूनबाईंचं चकाल्याला. परवा दोन घरांचे फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "काका, डोंबिवली की बोरिवली, तुम्हीच सांगा." मी बोरिवलीत नऊ वर्षं भाड्याने काढली, आता बारा वर्षं डोंबिवलीत आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

पहिली गोष्ट लोकलची. चर्चगेट ते बोरिवली ३४ किलोमीटर, सीएसएमटी ते डोंबिवली ४८. फरक चौदा किलोमीटरचा दिसतो, पण गर्दीत तो दुप्पट वाटतो. बोरिवलीहून सुटणाऱ्या गाड्या भरपूर. पाच मिनिटं आधी पोचलात आणि दाराच्या जागेचा अंदाज असला की बसायला मिळतं. विरार गाडीच्या वाटेला मात्र जायचं नाही, संध्याकाळी तर नाहीच, कारण बोरिवलीला उतरायचं म्हणजे मालाडपासूनच दाराशी सरकावं लागतं. महिलांसाठी आणखी एक जमेची बाजू. पश्चिम रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवलीच सुरू झाली आणि २५ डिसेंबर २०१७ ची पहिली एसी लोकलही बोरिवलीहूनच सुटली. या मार्गावर सोयी आधी येतात, हे मी नऊ वर्षं अनुभवलंय.

डोंबिवलीच्याही स्वतःच्या लोकल आहेत, पण चुकली की पुढे बदलापूर, कर्जत, कसारा. सकाळी साडेआठला फास्टच्या प्लॅटफॉर्मवर एकदा उभं राहून बघा. बदलापूर गाडी येते तीच दारात माणसं लोंबकळत असलेली. उतरणारा एखादा, चढणारे तीस-चाळीस. पाठीवरची बॅग आधीच छातीवर आलेली असते. पाय आत टेकला की जेवणाचा डबा हातोहात वर रॅकवर जातो, आणि ठाण्यापर्यंत आपला हात जिथे अडकला तिथेच राहतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलमधून माणसं पडली, काहींचे जीव गेले. त्या दिवसापासून मुलगी घरून निघाली की ऑफिसला पोचल्याचा मेसेज येईपर्यंत मला चैन पडत नाही. डोंबिवलीचं नाव घेताना ही गोष्ट मी कुणापासून लपवत नाही.

पण ऑफिस कुठे आहे यावर सगळं फिरतं. चर्चगेट, लोअर परळ, अंधेरी, गोरेगाव असेल तर डोळे मिटून बोरिवली. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, असेल तरीही बोरिवली, कारण मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून पुलावरून मेट्रो १, मग मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो ३, असं उन्हापावसात न भिजता पोचता येतं. डोंबिवलीहून बीकेसी म्हणजे कुर्ल्याला उतरून ३१० नंबरची बस नाहीतर शेअर रिक्षाची रांग, आणि पावसाळ्यात ती रांग अंत बघते. उलट ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली असेल तर डोंबिवलीच. ठाण्याला वीसेक मिनिटांत उतरायचं, पूल ओलांडून नऊ-दहा नंबरला ट्रान्स हार्बरची गाडी धरायची, दिघा सोडलं की ऐरोली. हाच माणूस बोरिवलीत राहिला तर दादरला गाडी बदला, ठाण्याला पुन्हा बदला, नाहीतर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसा. रोजचे दोन-दोन तास एका बाजूला.

चकाल्याचं मला आधी अवघड वाटलं होतं. पण २०१४ पासून घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आहे. डोंबिवलीहून फास्टने घाटकोपर, वर मेट्रो, चकाला सहावं स्टेशन. घाटकोपरच्या जिन्यावर सकाळी मुंगीच्या पावलाने सरकावं लागतं, तेवढा वेळ धरूनच निघायचं.

आता घराबाहेरचं. बोरिवलीत रिक्षा मीटरने चालते आणि बेस्टची बस जवळजवळ प्रत्येक नाक्यावरून मिळते. मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं ५ चं १० रुपये झालं, तरी बस स्वस्तच. डोंबिवलीत सगळा कारभार शेअर रिक्षाचा. स्टँडवर तीन माणसं भरली की निघते. एकट्याला स्वस्त पडते, पण म्हाताऱ्या आईला घेऊन दवाखान्यात जायचं तर 'स्पेशल' करावी लागते आणि भाडं आधी ठरवून घ्यावं लागतं. पूर्व-पश्चिम गाडीने जायचं तर कोपरचा पूल नाहीतर ठाकुर्लीचा. म्हणून मुलाची शाळा ज्या बाजूला, घरही त्याच बाजूला घ्या.

पायी मात्र डोंबिवली बोरिवलीला ऐकत नाही. फडके रोडवर संध्याकाळी एका फेरीत निवडलेली मेथी, फुलपुडी, चितळेंचं दूध, शिंप्याकडचा ब्लाऊज, चष्म्याचा स्क्रू, सगळं होतं. माझी आई ७८ वर्षांची आहे, ती अजून एकटी जाऊन भाजी आणते. बोरिवलीत आम्ही नॅशनल पार्कच्या बाजूला होतो. सकाळचं फिरणं स्वर्गसुख, तसं डोंबिवलीत कुठेच नाही. पण साधी कोथिंबीर आणायला हायवेखालून पलीकडे जायचं, म्हणून आई तिथे घरातच बसून असायची.

कोकणात जाणाऱ्यांना डोंबिवली सोयीची, सावंतवाडीची गाडी दिव्यालाच मिळते. गुजरातेत किंवा राजस्थानात नातेवाईक असतील तर बोरिवली, लांबच्या गाड्या तिथेच थांबतात.

भाड्याचं म्हणाल तर बोरिवलीत वन बीएचकेला जे मोजाल त्यात डोंबिवलीत टू बीएचके येईल. पण कमी भाडं बघून एमआयडीसीला खेटून घर घेऊ नका. मे २०२४ चा स्फोट झाला तेव्हा लांबच्या इमारतींच्याही काचा फुटल्या होत्या. मानपाड्याच्या पुढे, २७ गावांच्या पट्ट्यात, पाण्याचा टँकर महिन्यात किती वेळा येतो ते एजंटला नाही, वॉचमनला विचारा.

पुतण्याला मी डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतलं घर बघ म्हटलंय. टोकन देण्याआधी सूनबाईंनी एका मंगळवारी सकाळी महिलांच्या डब्यातून घाटकोपरपर्यंत जाऊन बघायचं. ती गर्दी त्यांना झेपणार नसेल, तर त्याच पैशात ठाण्यात वन आरके.