एनबीए चॅम्पियनशिप फ्युचर्स, पूर्ण सीझन वापरून: कॅश-आउटचं बटण सोडलं तर ठीक

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा विजेता कोण, यावर ऑक्टोबरात पैसे लावायचे आणि जूनपर्यंत तिकीट सांभाळायचं, हा फ्युचर्सचा प्रकार २०२४-२५ चा पूर्ण सीझन न्यू जर्सीतल्या परवानाधारक ॲप्सवर वापरून झाला. भाव अमेरिकन पद्धतीचे आहेत: +६०० म्हणजे १०० डॉलर लावून जिंकलं तर ६०० नफा, -७०० म्हणजे १०० नफ्यासाठी ७०० लावायचे. सरळ तक्रारीवर येतो. ‘नको वाटलं तर मध्येच विकून मोकळं होता येतं’ या भरवशावर बरेच जण फ्युचर्स घेतात. पण ते कॅश-आउटचं बटणच या मालातला सर्वांत महाग भाग आहे, आणि त्याची किंमत ॲप कुठेही दाखवत नाही.

१२ मे २०२५ ची रात्र घ्या. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, प्लेऑफ्समधल्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांतल्या) बॉस्टन सेल्टिक्स-न्यूयॉर्क निक्स मालिकेतला चौथा सामना. शेवटची काही मिनिटं उरली असताना सेल्टिक्सचा जेसन टेटम पाय धरून खाली पडला. टाचेमागचं ॲकिलीस टेंडन फाटलं होतं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सेल्टिक्सचं तिकीट हातात असलेल्याला बटणाची गरज नेमकी त्या मिनिटाला होती, आणि त्याच मिनिटाला ते करडं पडलं. परत चालू झालं तेव्हा दुखापतीची बातमी आकड्यात पुरती उतरलेली होती. ग्राहक सेवेच्या चॅटवर कितीही वाद घातला तरी एकच उत्तर मिळतं: कॅश-आउट ही सवलत आहे, हक्क नाही, नियमावली वाचा. नियमावलीत खरोखरच तसं लिहिलेलं असतं. यामागचं कारणही साधं आहे. कॅश-आउटचा आकडा चालू भावावरून निघतो आणि मोठी बातमी आली की ॲप आधी तो भावच थांबवतं. भाव नाही, तर आकडाही नाही. म्हणजे हे बटण काही घडत नसताना चालतं आणि काही घडलं की बंद.

आता ते किती खातं ते बघू. सीझनच्या आधी ओक्लाहोमा सिटी थंडरचा भाव +६५० च्या आसपास होता. १०० डॉलर लावले असतील तर जिंकल्यावर मुद्दलासकट ७५० हातात. अंतिम मालिका सुरू होताना भाव साधारण थंडर -७००, इंडियाना पेसर्स +५०० असा होता. -७०० म्हणजे ८७.५ टक्के, +५०० म्हणजे १६.७ टक्के, बेरीज १०४.२. वरचे ४.२ बुकीचे. ते काढून टाकले की थंडरची खरी शक्यता ८४ टक्के, आणि तिकिटाची रास्त किंमत ६३० डॉलर. बटणावर यापेक्षा पन्नास-साठ डॉलर कमी दिसले तर नवल नाही, कधी त्याहूनही कमी असतात.

हेच काम स्वतः करायचं, म्हणजे समोरच्या संघावरही पैसे लावून ‘हेज’ करायचं, तर सूत्र एका ओळीचं आहे. तिकिटाच्या पूर्ण परताव्याला समोरच्या संघाच्या दशांश भावाने (एका डॉलरवर मुद्दलासकट जेवढं परत येतं त्याने) भागा. +५०० चा दशांश भाव ६. ७५० भागिले ६ म्हणजे १२५. पेसर्सवर १२५ डॉलर लावले की कोणीही जिंको, हातात ६२५ राहतात. रास्त किमतीपेक्षा फक्त ५ डॉलर कमी. बटण दाबण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त, आणि दुसऱ्या ॲपवर पेसर्सना +५२० मिळत असेल तर आणखी स्वस्त.

मात्र तिकीट पेसर्सचं असेल तर हेच गणित उलटतं, आणि याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. सीझनआधी पेसर्सचा भाव +५००० च्या घरात होता, म्हणजे १०० डॉलरचे ५१००. शक्यता १६ टक्के धरली तर अंतिम मालिकेच्या तोंडावर तिकिटाची रास्त किंमत ८१६ डॉलर. आता हेज करून बघा. थंडरचा -७०० म्हणजे दशांश १.१४३. ५१०० ला त्याने भागलं की ४,४६२ डॉलर ५० सेंट. एवढी रक्कम थंडरवर लावायची, तेव्हा हमखास उरणार ६३७ डॉलर ५० सेंट. बुकीचा कट दोन्ही तिकिटांना तोच चार टक्क्यांचा, पण थंडरवाल्याचे ५ डॉलर जातात आणि पेसर्सवाल्याचे १७८. बुकी बेरजेत घुसवलेले टक्के दोन्ही संघांवर सारखे वाटत नाही. फेव्हरिटवर साडेतीन टक्के चढवलेले असतात, कमकुवत संघावर पाऊण टक्क्याहूनही कमी. हेज करताना आपण समोरचा संघ विकत घेतो, त्यामुळे लांबच्या भावाचं तिकीट असलेल्याला नेमका तो साडेतीनवाला भाग भरावा लागतो. अशा तिकिटावर बटणाने ६५० दाखवले तर ते हेजपेक्षा बरे. बटणाच्या बाजूने बोलावं अशी ही एवढीच जागा सापडली.

लांबच्या तिकिटाला घाई नडते. पेसर्सनी पहिला सामना १११-११० असा काढला, त्यांच्या हॅलिबर्टनचा शॉट ०.३ सेकंद शिल्लक असताना पडला. तीन सामन्यांनंतर ते २-१ ने पुढे होते. सहावा सामना १०८-९१ ने जिंकून त्यांनी मालिका सातव्यापर्यंत नेली. सातव्या सामन्याला थंडरचा भाव समजा -३००. दशांश १.३३३, हेजसाठी ३,८२५ डॉलर, हमखास उरतात १,२७५. मालिकेच्या सुरुवातीला जे मिळत होतं त्याच्या बरोबर दुप्पट. अर्थात हा आकडा मालिका सातव्यापर्यंत गेल्यावरचा आहे. पहिले दोन सामने हरले असते तर ६३७ सुद्धा दिसले नसते. मधला मार्ग म्हणजे मालिकेच्या आधी मुद्दलाच्या काही पट सुटेल एवढाच अर्धवट हेज घ्यायचा आणि उरलेला सामन्यागणिक ठरवायचा. सातव्यात हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये ॲकिलीस फाटून बाहेर गेला, तरी मध्यंतराला पेसर्स ४८-४७ ने पुढे होते. शेवट १०३-९१, थंडर. ज्यांनी काहीच हेज केलं नाही त्यांच्या +५००० च्या तिकिटाला जूनच्या त्या रात्री शून्य किंमत उरली.

मूळ बाजाराबद्दल थोडं. तीसही संघांचे भाव टक्क्यांत काढा (भावात १०० मिळवा आणि त्या बेरजेने १०० ला भागा) आणि बेरीज करा. ती अनेकदा १२० ते १३० निघते. १२५ असेल तर तुमच्या प्रत्येक डॉलरमधले २० सेंट लावतानाच गेले. दोन संघांच्या मालिकेत हाच कट चार सेंटचा. तळाच्या संघांवर कोणी डोकं खपवू नये. त्या सीझनला युटा जॅझ १७-६५ (१७ विजय, ६५ पराभव) होता, अशांचा +५०००० म्हणजे ०.२ टक्के, बेरजेत त्यांचा वाटा किरकोळ. खरी चरबी मधल्या दहा-बारा संघांत असते, +२००० ते +८००० वाल्या. ‘यंदा काहीतरी होऊ शकतं’ असं ज्यांच्याबद्दल वाटतं ते हेच संघ, म्हणून तिथे भाव सगळ्यात कसलेला. शिवाय लोकप्रिय संघांचा भाव कायम आखूड. २ फेब्रुवारी २०२५ ला स्टार खेळाडू लुका डॉन्चिच लेकर्स संघाकडे गेल्याची बातमी फुटली आणि लेकर्सवर पैसा तुटून पडला. पहिल्याच फेरीत मिनेसोटाने त्यांना ४-१ ने घरी पाठवलं. न्यू जर्सीत निक्सचंही तेच, कारण इथे घराघरांत निक्सवाले आहेत.

हिवाळ्यात माझं मत असं बनत होतं की फ्युचर्सच्या नादाला लागूच नये. त्यापेक्षा एप्रिलपर्यंत थांबावं आणि आवडत्या संघावर मालिकेमागून मालिका पैसे फिरवावेत, आधीची जिंकलेली रक्कम पुढच्या मालिकेवर. प्लेऑफ्स संपल्यावर ते मत थोडं खाली आलं. प्रत्येक मालिकेत चार टक्के कट धरला तर चार मालिकांचा मिळून १५ टक्के होतो. म्हणजे २० विरुद्ध १५, फरक आहे पण वाटला होता तेवढा नाही. फिरवण्याचे खरे फायदे दोन. पैसे आठ महिने अडकून पडत नाहीत, आणि टेटमसारखं काही झालं तर पुढच्या मालिकेला तुम्ही सरळ थांबू शकता, बटणाची मेहेरबानी लागत नाही. तोटा असा की ऑक्टोबरात +६५० ला मिळणारा संघ सीझनभर ६८-१४ खेळला की एप्रिलमध्ये त्याच्या पहिल्या फेरीच्या भावात काहीच उरत नाही. थंडरचं तसंच झालं. म्हणून सध्याचं मत असं: सीझनआधी फक्त वरच्या चार-पाच संघांतला एखादा, आणि मधल्या फळीतला कोणी आवडलाच तर तो मालिकेगणिक.

अनपेक्षित चांगली गोष्ट म्हणजे एकाच संघाच्या भावात ॲप-ॲपमध्ये असलेला फरक. सामन्याच्या भावात असा फरक क्वचित दिसतो, फ्युचर्समध्ये रोज. एकीकडे +६०० तर दुसरीकडे +७५० हे सर्रास. १०० डॉलरवर जिंकल्यास दीडशेचा फरक, आणि त्यासाठी काम काय, तर दुसरं ॲप उघडून बघणं. कुठलाही अभ्यास, कुठलंही मॉडेल एवढ्या स्वस्तात एवढं देत नाही. तीन खाती नसतील तर फ्युचर्स घेऊच नका, इतपत मी ठाम आहे.

दुसरी चांगली गोष्ट बोनस बेट, म्हणजे ॲपने फुकट दिलेली पैज. त्यात मुद्दल परत येत नाही, फक्त नफा मिळतो, म्हणून आखूड भावावर तो वाया जातो. १०० चा बोनस -२०० ला लावला तर जिंकून ५० मिळतात, म्हणजे त्याची खरी किंमत ३० च्या घरात. तोच +६०० ला लावला तर बुकीचा जाडा कट धरूनही किंमत ७० च्या घरात जाते. फ्युचर्सवर बोनस चालतो का हे अटींत आधी बघा. मुदतही पाहा, अनेकदा सात दिवसच असतात. ती मुदत लावण्याची असते, निकालाची नव्हे, त्यामुळे जूनमध्ये निकाल लागणारं तिकीटही चालतं.

हेज करायचं म्हणजे ऐनवेळी दुसऱ्या ॲपमध्ये पैसे हवेत, आणि गाडी बहुतेकांची तिथे अडते. क्रेडिट कार्डाने भरू नका, बऱ्याच बँका ते कॅश ॲडव्हान्स धरतात, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी. बँक खात्यातून थेट भरा, तेही मालिका सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, कारण खातं पडताळणीत दोन-तीन दिवस सहज जातात. हेज दोन सामन्यांच्या मधल्या दिवशी घ्या. सामना चालू असताना दर मिनिटाला भाव थांबतो आणि कटही वाढलेला असतो.

ॲप लोकेशन बघतं. न्यू जर्सीची हद्द ओलांडली की नवीन पैज लागत नाही, कॅश-आउटही बहुतेक ठिकाणी होत नाही. तिकीट मात्र शाबूत राहतं. मे-जूनमध्ये पुण्याला किंवा कोल्हापूरला घरी जाणार असाल तर हेजचं जे काय ते विमानात बसण्याआधी उरका. तिथून व्हीपीएन लावून प्रयत्न केलात तर खातं गोठतं आणि जिंकलेले पैसेही चौकशीत अडकतात. भारतात राहणाऱ्यांसाठी हा माल नाहीच. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, आणि परदेशी साइटवर पैसे अडकले तर दाद मागायला कोणी नसतं.

राहिला कर, आणि हेजवाल्यांनी हे नीट वाचावं. पेसर्सचं ५१०० चं तिकीट ४,४६२.५० च्या हेजसह धरलं आणि पेसर्स जिंकले, तर प्रत्यक्ष नफा ५३७ डॉलर ५० सेंट. पण फेडरल कराच्या हिशेबात ५,००० हे उत्पन्न आणि ४,४६२.५० हा वेगळा तोटा. तो तोटा वजा करायला आयटमाइझ करावं लागतं, म्हणजे वजावटी एकेक करून दाखवाव्या लागतात. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून तोट्याचे ९० टक्केच वजा होतात, म्हणजे ४,०१६. उरलेल्या ९८४ वर कर, नफा त्याच्या जेमतेम अर्धा असताना. स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक सरसकट वजावट) घेणाऱ्याची अवस्था याहून वाईट: पूर्ण ५,००० वर कर, २२ टक्क्यांच्या पट्टीत १,१०० डॉलर. म्हणजे ज्या हेजला ‘हमखास नफा’ म्हणतात त्यात खिशातले साडेपाचशेहून जास्त जातात. न्यू जर्सीच्या राज्य करात त्याच वर्षाचा तोटा जिंकलेल्या रकमेतून वजा होतो, फेडरलमध्ये तशी सोय नाही. ॲपकडून कराचा फॉर्म आला नाही म्हणून कर नाही, असंही नव्हे. त्यामुळे स्टँडर्ड डिडक्शनवाल्यांनी लांबच्या भावाचं तिकीट पूर्ण हेज करू नये. थंडरसारख्या तिकिटाला १२५ चा हेज कराच्या हिशेबातही परवडतो, कारण तिथे बुडीत जाणारी रक्कमच लहान असते.