‘डिंक रंगात मुरलाय’ असं कुणी म्हणालं तर

सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा दोन्ही बाजूंच्या दारांवर रुंद स्टिकरचे पट्टे होते, उन्हाने पार तडकलेले. नखाने ओढले तर वरचा पापुद्रा तुकड्या-तुकड्यांत निघाला, खालचा चिकटा तसाच. दोन दिवसांत त्यावर धूळ बसून काळा थर तयार झाला.

पॉलिशवाल्याकडे गेलो. त्याने दारावरून हात फिरवला आणि मान हलवली. “साहेब, डिंक रंगात मुरलाय. खास बाहेरून येणारं केमिकल लागेल, वर सिरॅमिक कोटिंग. नाहीतर रंगाचे पोपडे सुटतील.” पुरावाही दिला. एका कोपऱ्यातला चिकटा पुसून खालचा गडद पट्टा दाखवला. “बघा, आत गेलाय.”

मी फसलो तो इथेच. तो पट्टा डिंकाचा नव्हताच. स्टिकरखालच्या रंगाला वर्षानुवर्षं ऊन लागलेलं नसतं, म्हणून तो गडद राहतो. आजूबाजूचा रंग विटलेला असतो. डिंक क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक संरक्षक थराच्या, वर बसतो.

एक दार त्याच दिवशी करायचं, दुसरं पुढच्या आठवड्यात, असं ठरलं. ‘खास केमिकल’ लेबल फाडलेल्या बाटलीतून आलं. वास थिनरचा होता. मला तो कळला, तरी मी गप्प बसलो; समोरचा आत्मविश्वासाने बोलत असला की आपल्या नाकावरही आपला विश्वास राहत नाही. मग बारीक पॉलिश पेपर, कंपाउंड, मशीन. तासाभरात दार आरशासारखं. गाडी लगेच ताब्यात दिली, ‘कोटिंग’सकट. खरं सिरॅमिक कोटिंग सुकायला कित्येक तास कोरडं ठेवावं लागतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

चार धुण्यांत चकाकी उतरली. पट्ट्याच्या जागी दुधाळ चट्टा, त्यात एकाच दिशेचे ओरखडे. दुसऱ्या एका पेंटरने जाडी मोजायचं यंत्र लावलं: दाराच्या वरच्या भागात 120 मायक्रॉन, चट्ट्यावर 80. कंपनीच्या रंगात क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनच असतो, म्हणजे जवळजवळ सगळा गेला. थिनरने तो मऊ पडला, पेपरने घासला गेला आणि ओरखडे तेलकट ग्लेझने बुजवले. तेच ते सिरॅमिक.

परत गेलो तर उत्तर तयार होतं: “तुमच्या गाडीचा रंगच कच्चा. पावती आहे का?” पावती त्याने दिलीच नव्हती.

दुसरं दार मी घरीच केलं. आधी शाम्पूने धुतलं, कारण धूळ असताना घासलं की ओरखडे आपणच पाडतो. मग हेअर ड्रायर थोडा लांबून, सतत हलता ठेवून. पत्रा हाताला सोसवेल इतकाच गरम. चिकटा मऊ पडला की प्लास्टिकच्या कार्डाने, जवळजवळ आडवं धरून, हळूहळू सरकवायचा. ब्लेड अजिबात नाही. उरलेल्या पातळ थरासाठी मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आधी दाराच्या खालच्या कडेला लावून बघितलं. कापडाला रंग आला असता तर तिथेच थांबलो असतो. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर ही भीती जास्त. काही ठिकाणी रॉकेलचं बोट फिरवून दोन मिनिटं थांबलो. शेवटी पुन्हा शाम्पू आणि वॅक्स. दुपार गेली, खांदा भरून आला.

त्या दारावर जुन्या पट्ट्याची गडद छाया अजून दिसते. पहिलं दार मात्र रंगवायला टाकलंय.