तंबूला पाच स्टार, स्नोशूजला दोन

कॅम्पिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या या दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, माणसं वाईट नव्हती आणि अर्धा माल तर खरंच झकास होता, पण उरलेल्या अर्ध्याने आमचा जो घाम काढला (उणे बावीसमध्ये घाम, हो) तो वाचून तुम्ही तरी शहाणे व्हा.

आम्ही चौघं, मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या लाँग वीकेंडला टोरोंटोहून तीनेक तासांवरच्या अल्गॉन्क्विन पार्कात दोन रात्री. उन्हाळ्यात दरवर्षी जातो, थंडीत पहिल्यांदाच. तिथल्या म्यू लेक कॅम्पग्राउंडला यर्ट (कायमचे उभारलेले पक्के तंबू) असतात, आत बंक बेड आणि इलेक्ट्रिक हीटर, पण ते आम्हाला मिळाले नाहीत, मग नवऱ्याच्या डोक्यात आलं की तंबूच घेऊ आणि थोडं आत जाऊन राहू. वाटेवरच्या एका दुकानातून पॅकेज भाड्याने घेतलं: कॅनव्हासचा हॉट टेंट (आत शेगडी पेटवता येते असा तंबू), पत्र्याची लाकडावरची शेगडी, चार जोड स्नोशूज (बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद सांगाडे) आणि सामान ओढायला टोबॉगन, म्हणजे बर्फावरची चपटी घसरगाडी. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "पोरांना न्यूमोनिया करून आणा एकदाचा."

आधी चांगलं सांगते. तंबू अप्रतिम. कॅनव्हास असल्यामुळे आतली वाफ बाहेर जाते, नायलॉनच्या तंबूत सकाळी छतावरून जो बर्फाचा भुगा अंगावर पडतो तो प्रकारच नाही. शेगडीचं धुराडं छतातल्या खास भोकातून बाहेर काढायचं, तिथे आग न लागणारं कापड शिवलेलं होतं. दुकानातल्या मुलाने अर्धा तास घालवून सगळं दाखवलं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म न मागता दिला आणि वरची खिडकी पूर्ण बंद करायची नाही हे तीन वेळा बजावलं. तंबूच्या पेगा (खुंट्या) बर्फात धरत नाहीत हेही त्यानेच सांगितलं. दोरी काटकीला बांधून काटकी आडवी पुरायची, वर बर्फ दाबायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही, मग ते सिमेंटसारखं घट्ट होतं. तंबूची जागासुद्धा आधी स्नोशूज घालून तुडवायची आणि तशीच सोडायची. आम्ही ते केलं आणि दोन्ही रात्री एक दोरी ढिली झाली नाही.

शेगडी पेटली की आत टी-शर्टवर बसता येतं, खोटं नाही सांगत. भाजणी नेली होती, थालीपीठं लावली, तूप दगड झालेलं ते शेगडीजवळ ठेवून वितळवलं. फक्त शेगडी लहान, दीड-दोन तासात विझते, म्हणजे रात्री कोणीतरी उठायचं. कोण उठलं ते विचारू नका. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवायच्या, बर्फ वरून धरतो म्हणून तोंड खाली, ही युक्ती मुलाने कुठूनतरी आणली आणि सकाळी त्याचीच बाटली उघडली.

आता स्नोशूज. काउंटरवर काय विचारलं? बुटाचा नंबर. बस. वजन विचारलंच नाही! अहो, स्नोशूचं सगळं गणितच वजनावर, तुमचं वजन अधिक पाठीवरची सॅक, ते जितक्या जास्त जागेवर पसरेल तितके तुम्ही वर राहता. माझा नवरा 92 किलो, वर 12 किलोची सॅक, आणि त्याला मिळाले माझ्यासारखेच 25 इंची. तुडवलेल्या वाटेवर ठीक चाललं, पण वाट सोडून भुसभुशीत बर्फात शिरलो आणि तो दर चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत. मुलं त्याच्या शेजारून तुरूतुरू पुढे. त्याला 30 इंची तरी हवे होते. दीड किलोमीटरला आम्हाला दोन तास लागले, टोबॉगन मी आणि मुलाने ओढली.

त्यात मुलीच्या जोडाची टाचेची रबरी पट्टी. दुकानात मऊ होती, बाहेर थंडीत काठीसारखी कडक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढताना काडकन तुटली. पोरगी खाली बसून रडायला लागली, आम्ही तंबूची जादा दोरी घेऊन टाच बांधली, ती दर दहा मिनिटांनी सुटायची, दर वेळी हातमोजा काढा, बोटं बधिर करा, परत बांधा. थंडीतच भाड्याने द्यायची वस्तू, तिची पट्टी थंडीत तपासायला नको का?

आणि हो, "बॅकअप" म्हणून गॅसचा छोटा डबा दिला होता, त्यावर लिहिलेलं ब्युटेन. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं, उणे बावीसमध्ये तो डबा म्हणजे पेपरवेट. शेगडी होती म्हणून निभावलं.

पट्टी तुटली तिथेच बसून खात होतो तेव्हा एक कॅनडा जे नावाचा पक्षी आला, राखाडी, गुबगुबीत, आपल्या साळुंकीपेक्षा थोडा मोठा. मुलीच्या डब्यातला शंकरपाळा सरळ उचलला, समोरच्या झाडावर गेला आणि सालीच्या फटीत चोचीने ठोकून ठोकून बसवला. हे पक्षी थंडीत दक्षिणेला जात नाहीत, असंच लपवून ठेवतात आणि त्यावर हिवाळा काढतात. रडणं तिथल्या तिथे थांबलं, उलट अजून एक शंकरपाळा ठेवू का म्हणून मागे लागली. नाही म्हटलं, प्राण्यापक्ष्यांना खायला घालायचं नसतं, पहिला त्याने चोरला ते वेगळं.

परत देताना तुटलेल्या पट्टीचे पैसे डिपॉझिटमधून कापायला निघाले. मी शांतपणे दुसरी पट्टी वाकवून दाखवली, तिलाही चीर होती. मग नाही कापले, सॉरीही म्हणाले.

पुढच्या फेब्रुवारीला तंबू आणि शेगडी त्यांच्याकडूनच घेणार, स्नोशूज नाही. मुलीच्या मापाचे एका मैत्रिणीकडून जुने मिळालेत. नवऱ्यासाठी 30 इंची शोधतेय, कोणी विकत असेल तर सांगा.