एसएमएस वाचणारं ॲप की हाताने भरायची शीट?

घरखर्चाचा हिशेब फोनवर ठेवायचा म्हटला की दोन पर्याय समोर येतात. बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंदी करणारं ॲप, नाहीतर गूगल फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट, जिथे प्रत्येक खर्च आपणच टाकायचा. वही हा तिसरा पर्याय आहेच, पण वहीत महिन्याची बेरीज कोणी करत नाही, म्हणून ती बाजूला ठेवू. आयफोनवाल्यांनाही फारसा विचार करायचा नाही, कारण तिथे ॲपला एसएमएस वाचताच येत नाहीत.

ॲपची जमेची बाजू खरी आहे. पगार, घराचा हप्ता, एसआयपी, वीजबिल हे सगळं काही न करता नोंदवलं जातं. दोन-तीन क्रेडिट कार्डं असतील तर बिलाच्या शेवटच्या तारखेची आठवण वेळेवर येते, आणि उशिराचा एक दंड वाचला तरी पुष्कळ. ज्यांचा जवळजवळ सगळा खर्च कार्डावर होतो त्यांनी ॲपच घ्यावं, असं मला वाटतं.

तरी एक गोष्ट त्यांनाही पहिल्या महिन्यात तपासावी लागते. कार्डावरची खरेदी एकदा खर्चात धरली जाते, आणि पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल भरलं की तीच रक्कम कधीकधी पुन्हा धरली जाते. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे टाकले तर तोही ‘खर्च’ दिसतो. अशा नोंदी उघडून त्या खर्चातून वगळाव्या लागतात. बऱ्याच ॲपमध्ये एकदा तसं केलं की पुढे लक्षात राहतं, सगळ्यांत नाही.

पण आमच्या घरचं पारडं फिरलं ते दुसऱ्याच कारणाने. गोव्यातल्या घराचा रोजचा खर्च बघा: सकाळी पोदेराचे (दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याचे) पाव, दारावर आलेली मासळी, बाजारातली भाजी, बसचं तिकीट, संध्याकाळचा चहा-भजी. निम्मं रोखीने जातं. ॲपला दिसते फक्त एटीएममधून काढलेली रक्कम, आणि महिनाअखेरीला चित्रातला सगळ्यात मोठा तुकडा असतो ‘एटीएम’. त्यातून काय कळणार?

उरलेलं निम्मं यूपीआयने जातं, आणि तिथली गळती जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. यूपीआय लाइट (छोट्या पेमेंटसाठी आधी पैसे भरून ठेवायचं यूपीआयमधलंच पाकीट) चालू असेल तर 1000 रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं, पण पासबुकात उमटते ती फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक ओळ. मासळीचे साडेतीनशे आणि औषधाचे दोनशे त्या एका ओळीत विरघळून जातात. लाइट वापरत नसाल तरी सुटका नाही. एका मोठ्या खासगी बँकेने जून 2024 पासून 100 रुपयांखालच्या यूपीआय खर्चाचे एसएमएसच बंद केले. एसएमएस नाही म्हणजे ॲपच्या लेखी तो खर्च झालाच नाही. अर्धवट वही अर्धवट आहे हे निदान दिसतं; ॲपचा रंगीत आलेख मात्र पूर्ण असल्यासारखा वाटतो.

शीटचा त्रास उघड आहे: प्रत्येक वेळी फोन काढून भरायचं. म्हणून फॉर्म जितका छोटा तितका टिकतो. तीनच प्रश्न पुरेत: रक्कम, वर्ग, टीप. रकमेच्या प्रश्नाला ‘फक्त संख्या’ अशी अट लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी सवयीने ‘120/-’ लिहितं, शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेतून गुपचूप वगळते. वर्ग यादीतून निवडायचे ठेवा, आठ-दहाच्या वर नको. ‘एका व्यक्तीला एकच उत्तर’ हे बंद आहे ना बघा, नाहीतर दुसरी नोंद जात नाही. मग फॉर्मची लिंक क्रोममध्ये उघडून होम स्क्रीनवर टाका आणि हीच लिंक घरातल्या दुसऱ्यालाही द्या.

शीट उघडल्यावर पहिलं काम सेटिंगमध्ये जाऊन देश भारत करणं. अमेरिका राहिला तर हाताने टाकलेली 5/9 ही तारीख पाच सप्टेंबर न होता नऊ मे होते. बेरजेसाठी पिव्हट टेबल (नोंदींची गटवार बेरीज दाखवणारा शीटमधला तक्ता) करा: ओळींत वर्ग, स्तंभांत तारीख, आणि त्या तारखांचे वर्ष-महिन्याने गट पाडा. रेंज देताना ठरावीक ओळींपर्यंत न देता पूर्ण स्तंभ द्या, म्हणजे नव्या नोंदी आपोआप येतात. एक रिकामी ओळ दिसेल, ती फिल्टरने काढायची.

खोट कुठे आहे? फॉर्मवर वेळ पडते ती पाठवल्याची, खर्चाची नव्हे. 31 तारखेचा खर्च दुसऱ्या दिवशी सकाळी भरला तर तो पुढच्या महिन्यात जातो. शीटमध्ये जाऊन तारीख बदलावी लागते. पावसात फोनची रेंज गेली की फॉर्म जात नाही, तेव्हा आकडा फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवायचा. आणि भरायचा कंटाळा आला तर शीट मेली. ॲप तसं मरत नाही, हेही मान्य करायला हवं.

तरीही बचतीचा प्रश्न आला की शीट पुढे जाते, आणि त्याचं उदाहरण चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं) सामान, फटाके, कपडे, पाहुण्यांचं खाणं-पिणं: काही रोख, काही यूपीआय, काही कार्डावर. ॲप हे चार ठिकाणी वाटून टाकतं. फॉर्मच्या यादीत ‘चवथ’ असा एक वर्ग असेल तर पैसे कशातूनही जावोत, बेरीज एका जागी मिळते. समजा ती 36,000 आली, तर पुढच्या चवथीसाठी महिना 4,000 ची रिकरिंग डिपॉझिट (आरडी) उघडायची. चवथ काही वर्षी ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यातच येते, म्हणून मुदत ऑगस्टच्या सुरुवातीला संपेल असं बघा. ही आरडी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नऊ महिन्यांची मुदत देणाऱ्या बँकेत काढावी. पोस्टाची पाच वर्षांची असते, ती या कामाची नाही. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा, म्हणजे पगार एखाद दिवस लांबला तरी हप्ता चुकत नाही.