मांगचुंगचे पान आणि आमचा मिरग: एका चिनी सौर दिनदर्शिकेचे परीक्षण

गेल्या डिसेंबरात ऑनलाइन मागवलेली चोवीस पानांची चिनी सौर दिनदर्शिका माझ्या परभणीच्या घरात, बैठकीतल्या नेहमीच्या पंचांगाच्या शेजारी वर्षभर टांगलेली आहे. किंमत साडेआठशे रुपये. दर पंधरवड्याला एक पान, त्यावर कुंचल्याने काढलेले चित्र, त्या पर्वाच्या नावाचा अर्थ, निसर्गातली तीन चिन्हे आणि खाली तारखांची पट्टी अशी तिची मांडणी आहे. सोबत एक फूटभर लांबीची लाकडी काठी आणि पुठ्ठ्याची छायापट्टी येते. मजकूर इंग्रजीत आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि अशाच दिनदर्शिका आणखीही कोणी काढत असेल.

आधी जमेची बाजू. या चोवीस पर्वांचा उगम इतक्या सोप्या रीतीने समजावलेला मी अन्यत्र वाचलेला नाही. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे ३६० अंश चोवीस भागांत वाटले की प्रत्येक भाग १५ अंशांचा होतो, आणि सूर्य त्या त्या अंशावर आला की नवे पर्व लागते. त्याची सुरुवात झाली ती सावलीपासून. आठ चिनी फूट उंचीचा खांब रोवून दुपारची सावली मोजायची, सर्वांत आखूड सावलीचा दिवस आणि सर्वांत लांब सावलीचा दिवस पक्का करायचा, मग मधले दिवस वाटून घ्यायचे, असे हे काम पीत नदीच्या खोऱ्यात शतकानुशतके चालले. चोवीसही नावांची संपूर्ण यादी इसवी सनापूर्वी १३९ च्या सुमाराच्या ‘ह्वाइनानझी’ या ग्रंथात मिळते, आणि इ. स. पू. १०४ मध्ये हान राजवटीने ही पद्धत आपल्या राजमान्य कालगणनेत घेतली. त्याच सुधारणेत ज्या चांद्रमासात मुख्य सौर पर्व (चोवीसांतले एकाआड एक पर्व मुख्य धरतात) येत नाही तो महिना अधिक धरण्याचा नियमही आला. आपल्याकडे संक्रांत न येणाऱ्या महिन्याला आपण अधिक मास म्हणतो, तोच हा हिशेब. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडे पडते आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्याला पेरणी सूर्याच्या भरवशावर करावी लागते, हे एवढ्यावरून लक्षात येते.

१६४५ पर्यंत वर्षाचे चोवीस सारखे भाग पाडले जात आणि त्यानंतर सूर्याचा प्रत्यक्ष अंश धरला जाऊ लागला, म्हणून उन्हाळ्यातले पर्व पंधरा दिवसांहून थोडे लांबते आणि हिवाळ्यातले आखडते, हेही एका चौकटीत दिलेले आहे. युनेस्कोने २०१६ मध्ये या परंपरेला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्याचा उल्लेख मात्र पानापानावर आहे, आणि तो तिसऱ्यांदा वाचताना कंटाळा येतो.

मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो ५ किंवा ६ जूनला लागणाऱ्या मांगचुंग या नवव्या पर्वाच्या पानापाशी. नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ गव्हाच्या ओंबीवरचे कुसळ आणि दुसऱ्याचा पेरणी. कुसळाच्या पिकाची, म्हणजे गव्हाची, कापणी संपवून भातासारख्या दुसऱ्या धान्याची पेरणी त्याच पंधरवड्यात उरकायची, असा त्याचा आशय. चिनी भाषेत ‘गडबड’ या शब्दाचाही उच्चार तसाच असल्याने लोक या पर्वाला गडबडीची पेरणीही म्हणतात. चित्रात एक म्हातारा गव्हाच्या पेंढीवर बसून कपाळाचा घाम पुसत असून त्याच्या पाठीमागे रोपे उपटणारी माणसे आहेत. आमच्याकडे गहू आणि रब्बीची ज्वारी फाल्गुन-चैत्रातच खळ्यावर येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात वखरून तयार ठेवलेले काळे रान आणि आभाळ याशिवाय शिवारात पाहण्यासारखे काही नसते, म्हणून ते चित्र मला परके वाटले आणि त्याच कारणाने आवडले.

या पंधरवड्याची तीन चिन्हे पाच-पाच दिवसांच्या अंतराने येतात. पहिल्या पाच दिवसांत आदल्या शरदात घातलेल्या अंड्यांतून प्रार्थना कीटकाची पिल्ले बाहेर पडतात, दुसऱ्या पाच दिवसांत खाटीक पक्षी ओरडू लागतो, आणि तिसऱ्या पाच दिवसांत ‘जीभ उलटवणारा’ म्हणून ओळखला जाणारा पक्षी गप्प होतो. जुन्या चिनी समजुतीप्रमाणे भर उन्हाळ्यातच थंडाव्याचे तत्त्व जमिनीत पहिल्यांदा हलू लागते, आणि हे तीन जीव ते माणसाआधी ओळखतात. इथे भाषांतरकाराने मोठी चूक केली आहे. तिसऱ्या पक्ष्याला त्याने ‘मॉकिंगबर्ड’ म्हटले आहे, आणि मॉकिंगबर्ड हा पक्षी अमेरिका खंडांतला. हान काळातल्या चिनी शेतकऱ्याने तो कधी पाहिलेला असणे शक्य नाही. नाना आवाज काढणारा तो पक्षी कस्तुराच्या कुळातला काळा गाणारा पक्षी असावा, हे अनेक जाणकारांचे मत छापायला जागा होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातले, किडे जागे होण्याचे जे पर्व आहे, त्याच्या पानावर ‘ससाण्याचा पारवा होतो’ असे चिन्ह आहे आणि त्याखाली ‘ही केवळ दंतकथा’ अशी टीप आहे. टीप लिहिणाऱ्याने थोडे थांबायला हवे होते. जुन्या टीकाकारांनी त्या ‘पारव्या’चा अर्थ कोकीळ-कुळातला पक्षी असा केला आहे, आणि कोकीळ-कुळातल्या कित्येक पक्ष्यांचे रंगरूप शिकारी पक्ष्याशी मिळतेजुळते असते. आमच्याकडचा पावशा शिक्र्याशी इतका मिळताजुळता असतो की तो झाडावर येताच चिमण्या ओरडत उडतात. थंडीभर गप्प असलेला हा पक्षी उन्हाळ्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणू लागला की शिक्राच बोलायला लागला असे एखाद्याला वाटले, तर त्यात वेडेपणा काही नाही.

आता मृगाशी तुलना. आपले मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते, म्हणजे मांगचुंगनंतर दोन-तीन दिवसांनी. दोन्ही सूर्याचीच पर्वे, फरक एवढाच की चिनी गणना ऋतूला बांधलेली आहे आणि आपली ताऱ्यांना. त्यामुळे आपले मृग सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, आणि दीड हजार वर्षांपूर्वी ते आजच्या हिशेबाने मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागत असले पाहिजे. सूर्यच त्या ताऱ्यांजवळ असल्याने ज्या दिवसांना आपण मृग म्हणतो त्या दिवसांत मृगाचे तारे रात्री दिसतच नाहीत, ही मौजेची गोष्ट दिनदर्शिकेत असण्याचे कारण नव्हते, पण ती वाचताना मला आठवली.

खरा फरक मात्र चिन्हांत आहे. आमच्या खेड्यातले थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांना मी मांगचुंगची तीन चिन्हे वाचून दाखवली. ते म्हणाले, “अरे, त्यांचं पाखरू तारखेला बोलतं. आपला मिरगाचा किडा पाण्याला निघतो.” यापेक्षा नेमके परीक्षण मला लिहिता आलेले नाही. मखमली लाल रंगाचा, आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला हा जीव वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली असतो आणि चांगला पाऊस होऊन माती ओली झाल्याखेरीज वर येत नाही. तो दिसला याचा अर्थ ओल खाली उतरली. यंदा आमच्या शिवारात मृग कोरडा गेला, किडा आर्द्रेच्या दुसऱ्या दिवशी बांधावर दिसला, आणि आबांनी वापसा पाहून त्यानंतरच चाड्यावर मूठ धरली. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होईपर्यंत पेरणी करू नये हा कृषी खात्याचा सल्लाही तेच सांगतो. वर्षाकाठी सुमारे ६८० मिलीमीटर पावसाच्या या मुलखात तारीख पाहून पेरणारा दुबार पेरणीच्या वाटेला लागतो. म्हणूनच आपल्याकडे ‘पडतील मघा, नाहीतर ढगाकडे बघा’ असे म्हणतात. तिकडच्या पर्वात असा ‘नाहीतर’ नाही. शेतीचे वेळापत्रक म्हणून ही दिनदर्शिका इथे निरुपयोगी आहे, आणि ‘कोणत्याही देशातील बागकामासाठी’ हा वेष्टनावरचा दावा खोटा आहे.

छायापट्टीची गंमत शेवटी ठेवली आहे. काठी उभी करून दुपारी सावलीचे टोक पट्टीवर कुठे येते ते पाहायचे आणि पर्व ओळखायचे, असे त्यात सांगितले आहे. परभणीला सूर्य डोक्यावर येतो तो जूनच्या सुरुवातीला घड्याळात १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास, म्हणून ६ जूनला मी गच्चीवर त्या वेळी पट्टी मांडली. पट्टीनुसार सावली काठीच्या उत्तरेला सहा सेंटिमीटरवर पडायला हवी होती. ती पडली दक्षिणेला, जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. पट्टी होनान प्रांतातल्या, ३४ अंश उत्तरेकडच्या जुन्या वेधशाळेच्या ठिकाणासाठी आखलेली आहे, आणि आपण १९ अंशांवर राहतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून सावली उलटी पडते. पट्टी कोणत्या अक्षांशासाठी आहे हे कुठेही लिहिलेले नाही. विक्रेत्याला दोनदा विचारले, तर ‘उत्पादन बदलून देऊ’ एवढेच छापील उत्तर आले.

बाकी तक्रारी किरकोळ. तारखा बीजिंगच्या वेळेने आहेत, आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने मध्यरात्रीनंतर लगेच लागणारे पर्व आपल्याकडे आदल्या दिवशीचे ठरते. कागद जाड आहे, परंतु श्रावणाच्या दमटपणात वरची पट्टी सुटली आणि मला डिंक लावावा लागला.

पाचपैकी साडेतीन गुण. शाळेत भूगोल शिकवणाऱ्याने आणि पक्षी पाहणाऱ्याने ही जरूर घ्यावी. घेतल्यावर छायापट्टी उलटी फिरवून, आपल्या गावच्या सावलीच्या खुणा वर्षभर पेन्सिलीने स्वतःच कराव्यात. माझ्या पट्टीवर आतापर्यंत अकरा खुणा झाल्या आहेत. बहुतेक पर्वे ढगांत गेली.