खोडदच्या दुर्बिणीची विज्ञान दिनाची भेट

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सर्वसामान्यांना पाहता येते. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरच्या या केंद्रात आम्ही सहकुटुंब गेलो. २०२३ साली गाजलेल्या गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातून पसरणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या तरंगांच्या, बातमीत या दुर्बिणीचे नाव होते. मात्र तिने नेमके काय केले, हे बातम्यांवरून काही केल्या उलगडत नव्हते.

प्रथम नजरेत भरते ती ४५ मीटर व्यासाची तबकडी. ती भरीव नसून स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे, आणि जवळ जाऊन मान वर केली की जाळीतून आभाळ दिसते. येणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी अधिक असल्याने त्यांच्या लेखी ही जाळी म्हणजे सलग पत्राच. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. ही काटकसरी कल्पकता रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. अशा ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी आहेत, तर उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या आहेत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर एका तरुण संशोधकाने वहीच्या पानावर आकृती काढून दिले. पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरताना रेडिओ लहरींचे नियमित ठोके देणारा मृत तारा, जणू आकाशातले घड्याळ. त्याचे ठोके पृथ्वीवर ठरल्या वेळेपेक्षा किंचित मागेपुढे पोहोचले, तर त्यामागे गुरुत्वीय लहरी असू शकतात. मात्र ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत पसरलेल्या विरळ वायूतील इलेक्ट्रॉनही हे ठोके रेंगाळवतात, आणि लहरींची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) जितकी कमी तितका हा विलंब जास्त. युरोपातील दुर्बिणींनी २५ पल्सारांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली होती. कमी कंप्रतेवर काम करणाऱ्या खोडदच्या दुर्बिणीच्या नोंदींमुळे तो विलंब काटेकोरपणे मोजून वजा करणे सोपे झाले. शोधाच्या मथळ्यापेक्षा ही वजाबाकी मला अधिक रोचक वाटली. म्हणूनच फलक वाचून पुढे सरकू नये, तिथल्या माणसांना थांबवून विचारावे. ते हातचे राखून सांगत नाहीत.

परिसरातील शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मांडलेले प्रयोगही पाहण्यासारखे आहेत. मुले तिथेच रमतात.

प्रवासाची सोय आधी ठरवावी. नारायणगावहून आम्ही ऐनवेळी केलेल्या खासगी गाडीने परतीचे भाडे दुप्पट लावले. मोबाइलच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात, तेव्हा फोटोंचा मोह आवरावा. टोपी मात्र विसरू नये. तबकडी केवढीही मोठी असली, तरी जाळीची सावली अंगावर पडल्यासारखी वाटतच नाही.